मराठवाड्यात बदली झाली, घर बघायचे आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर बघायला कधी यावे?

जमत असेल तर एप्रिल-मेमध्ये, आणि तेही दुपारी बारा ते चारच्या दरम्यान. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातले कुठलेही घर चांगलेच दिसते. बोअरला पाणी असते, हवा गार असते आणि पावसाने जमीन फुगल्यामुळे भिंतींच्या भेगाही मिटलेल्या असतात. मे महिन्यात तेच घर खरे बोलते.

अडचण अशी की बदल्याही मे-जूनमध्येच होतात आणि शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, त्यामुळे या दिवसांत घरांची ओढाताण असते. लातुरात तर दहावीच्या निकालानंतर शिकवण्यांच्या आसपासचा भाग विद्यार्थ्यांनी भरून जातो. तिथे मालकाला कुटुंबापेक्षा कॉटवारी विद्यार्थी परवडतात, म्हणून कुटुंबाने त्या पट्ट्यापासून दूरच बघावे. भाड्यात घासाघीस करायची असेल तर पितृपक्ष बरा. त्या पंधरवड्यात बहुतेक लोक सामान हलवत नाहीत, रिकामे घर तसेच पडून असते आणि मालक ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत असतो.

मालकाला पहिला प्रश्न कोणता विचारावा?

पाण्याचा. भाडे, पार्किंग, वास्तू हे सगळे त्यानंतर. आणि नुसते ‘पाणी आहे का’ असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘भरपूर’ असेच येते. असे विचारा: नळ कितव्या दिवशी येतो? किती वाजता येतो? किती वेळ चालतो? पाणी आपोआप हौदात पडते की मोटार लावावी लागते? मागच्या मे महिन्यात किती टँकर घेतले?

मग हेच प्रश्न शेजारच्या घरी विचारा, आणि शक्यतो पाणी भरणाऱ्या माणसालाच विचारा. दोन उत्तरांत फरक पडला तर शेजाऱ्याचे खरे धरा. नळ रात्री दोनला येत असेल आणि तुमची नोकरी पाळीची असेल, तर ते घर तुमच्यासाठी नाही, भाडे कितीही कमी असो.

धरण भरलेले असले तरी नळ आठवड्याने का येतो?

कारण धरणातले पाणी आणि नळातले पाणी यांच्यामध्ये जलवाहिनी, जलशुद्धीकरण केंद्र, जलकुंभ आणि वीज एवढे सगळे उभे असते. छत्रपती संभाजीनगरला पाणी पैठणच्या जायकवाडीतून येते. शहराच्या जुन्या दोन मुख्य वाहिन्या ७०० आणि १,४०० मिलिमीटर व्यासाच्या. त्या टाकल्या तेव्हाचे शहर आणि आजचे शहर यांत मोठे अंतर पडले, म्हणून २,५०० मिलिमीटरच्या नव्या वाहिनीचे काम हाती घेण्यात आले. तरीही तुमच्या गल्लीतला नळ तुमच्या भागाच्या जलकुंभावर आणि अंतर्गत पाइपांवर अवलंबून राहतो. एकाच शहरात दोन वसाहतींचे अनुभव वेगळे असतात ते यामुळेच.

बाकीच्या गावांचे मुख्य आधार थोडक्यात असे: नांदेडला गोदावरीवरचे विष्णुपुरी, लातूरला धनेगावचे मांजरा धरण, धाराशिवला उजनी, जालन्याला जायकवाडी आणि निजामकाळातला घाणेवाडी तलाव, बीडला माजलगाव आणि बिंदुसरा. मांजरा आटले की काय होते हे २०१६ ने दाखवले. त्या वर्षी एप्रिलपासून लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या आठवणीमुळेच लातूरकर आजही हौद मोठा बांधतात.

हौद किती मोठा असावा?

हिशेब सोपा आहे. शहरी पाणीपुरवठ्याचे सर्वसाधारण मानक माणशी रोज १३५ लिटर. चार माणसांना ५४० लिटर, आठ दिवसांना ४,३२० लिटर. काटकसरीने माणशी ८० लिटरवर भागवले तर आठ दिवसांना २,५६० लिटर लागतात. उन्हाळ्यात कूलर चालवणार असाल तर दिवसाला ४०-५० लिटर त्याचे वेगळे धरा.

हौद मोजायचा तर लांबी, रुंदी आणि खोली फुटांत घ्या, गुणाकार करा आणि येणाऱ्या आकड्याला २८.३ ने गुणा. ६ × ४ × ५ फुटांचा हौद म्हणजे १२० घनफूट, म्हणजे साधारण ३,४०० लिटर. गच्चीवर हजार लिटरची टाकी असेल तर एवढ्यात चौघांचे कुटुंब आठ दिवस निभावते. हौद दोन भाडेकरूंत सामाईक असेल तर हौदाचा आकडा अर्धा धरा आणि भांडणाची तयारी ठेवा. सामाईक हौद असलेल्या घरात पाणी कोण किती उपसतो याचा निकाल कधीच लागत नाही.

टँकर ५,००० किंवा १०,००० लिटरचा येतो, तुमचा हौद मात्र ३,४०० चा असतो. उरलेल्या पाण्याचे पैसे द्यावेच लागतात. म्हणून शेजाऱ्याशी आधी बोलून दोघांत एक टँकर घ्यावा. टँकरचे पाणी कुठल्या विहिरीचे आहे हे सांगता येत नाही, त्यामुळे ते वापरायला ठेवा, प्यायला नाही. हौद निर्जंतुक करायचा तर दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली, बंद डब्यातली ब्लिचिंग पावडर घ्या. आधी बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या, वरचे पाणी हौदात ओता आणि निदान तासभर थांबा. पाकीट उघडून महिनोन्‌महिने ठेवलेल्या पावडरीत क्लोरीन उरत नाही, ती टाकली काय आणि न टाकली काय सारखेच.

हौदाचे झाकण उघडून बघाच. शौचालयाची टाकी किंवा शोषखड्डा हौदाला चिकटून असेल तर ते घर सोडा.

‘बोअरला बारा महिने पाणी आहे’ यावर विश्वास ठेवावा का?

अर्धाच. मराठवाड्याच्या बहुतेक भागात खाली काळा बसाल्ट आहे. या खडकात पाणी फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरात साठते. त्यामुळे एका प्लॉटवर शंभर फुटांना पाणी लागते आणि शेजारी सहाशे फूट जाऊनही धूळ उडते. खोली विचारून उपयोग नाही. मे महिन्यात मोटार सलग किती मिनिटे चालते आणि पाणी तुटल्यावर परत साचायला किती वेळ लागतो, हे विचारा. वीस मिनिटे चालून दोन तास थांबणारे बोअरसुद्धा एका कुटुंबाला पुरते. चार फ्लॅटांना नाही.

बोअरचे पाणी प्यावे का?

तपासल्याशिवाय नाही. पाणी बहुधा जड असते. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजायला वेळ लागतो, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेण्याजोगे मानले आहेत. हातात धरायचे टीडीएस मीटर एवढेच मोजते. जंतू, नायट्रेट आणि फ्लोराइड त्यात वेगळे दिसत नाहीत. नांदेड जिल्ह्याच्या काही भागांत फ्लोराइडचा त्रास जुना आहे, आणि ड्रेनेज नसलेल्या वसाहतींत बोअर शोषखड्ड्यापासून निदान १५ मीटर दूर नसेल तर नायट्रेटची भीती असते. उकळल्याने जंतू मरतात, पण फ्लोराइड आणि नायट्रेट जात नाहीत. उलट पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण वाढते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्या.

आरओ बसवलात तर त्यातून बाहेर जाणारे पाणी बादलीत धरा. ते फरशी पुसायला आणि शौचालयात चालते, झाडांना मात्र रोज घालू नका.

वरचा मजला घ्यावा की खालचा?

पैसे वाचवायचे असतील तर वरचा, झोप हवी असेल तर खालचा. मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता रात्री दोनपर्यंत खोलीत सोडत राहतो. वरच्या मजल्यावर राहायचेच असेल तर गच्चीवर चुन्याचे दोन हात मारण्याची परवानगी आधीच घ्या. पश्चिमेची भिंत उघडी असलेली खोली झोपण्यासाठी वापरू नका. तिथे सामान ठेवा.

इथल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम चालतो, पण एका अटीवर: खोलीला हवा बाहेर जायला खिडकी हवी. दारे-खिडक्या बंद करून कूलर लावला की तासाभरात खोली दमट होते आणि ‘कूलर बिघडला’ अशी तक्रार सुरू होते. जड पाण्यामुळे कूलरचे गवत एका हंगामात क्षारांनी दगडासारखे होते. ते दरवर्षी बदला.

कूलरबाबत एक गोष्ट ठासून सांगायला हवी. पत्र्याच्या कूलरचा शॉक बसून मराठवाड्यात दर उन्हाळ्यात माणसे दगावतात. काळी माती उन्हाळ्यात वाळून अर्थिंगच्या खड्ड्यापासून सुटते आणि अर्थिंग नावापुरतेच राहते. त्यामुळे राहायला जाण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासा, बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या, उन्हाळाभर अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्यातून एकदा बादलीभर सांडपाणी ओता. आणि कूलरमध्ये पाणी भरताना पिन काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही.

भिंतीला भेगा आहेत. घाबरावे का?

भेग कुठली आहे त्यावर आहे. प्लॅस्टरवरच्या केसासारख्या रेषा सगळीकडेच असतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, वर रुंद होत गेलेली आणि नाणे आत सरकेल एवढी भेग असेल तर पाया हलतो आहे असे समजा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर घर दरवर्षी तेवढेच वरखाली होते. याच्या इतर खुणा म्हणजे पावसाळ्यात अडकणारी आणि उन्हाळ्यात सैल होणारी दारे, मध्येच बसलेली फरशी, घरापासून सुटलेला ओटा. नुकताच रंग दिलेल्या घरात भिंतीऐवजी कंपाउंड बघा. तिथे कोणी रंग देत नाही.

याच मातीमुळे नव्या प्लॉटिंगमधले रस्ते जुलैत चिखल होतात. दुचाकीच्या चाकात आणि मडगार्डमध्ये माती भरून गाडी जागीच अडकते. डांबरी रस्त्यापासून घर किती पावलांवर आहे ते मोजा.

जुने माळवदाचे घर स्वस्तात मिळते आहे. घ्यावे का?

माळवद उन्हाळ्यात खरोखर गार असते, हे मान्य. पण छतावर लाकडाच्या तुळयांवर मातीचा जाड थर असतो आणि त्या वजनाखाली दगड-मातीच्या भिंती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशाच घरांनी सर्वाधिक बळी घेतले. लातूर, धाराशिवच्या त्या पट्ट्यात तरी जुन्या माळवदात मुलाबाळांसह राहू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. इतरत्र राहायचे ठरलेच, तर तुळयांची टोके भिंतीत जातात तिथे वाळवी आहे का ते टोकरून बघा आणि पावसाळ्याआधी छतावर पांढरी माती कोण टाकणार हे ठरवून घ्या.

११ महिन्यांचा करार नोटरी केला की पुरे ना?

नाही. हा महाराष्ट्रातला सर्वांत चिवट गैरसमज आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूने सांगितलेल्या अटी खऱ्या धरल्या जातात. मालक टाळाटाळ करत असेल तर त्याला हे शेवटचे वाक्य सांगा.

खर्च फारसा नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. उदाहरणार्थ, महिना ८,००० रुपये भाडे, ११ महिने, परत मिळणारे डिपॉझिट २४,०००. भाड्याचे ८८,००० आणि डिपॉझिटवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेले ११ महिन्यांचे व्याज २,२००, मिळून ९०,२००. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे सव्वादोनशे रुपयांच्या आसपास. नोंदणी फी महापालिका-नगरपालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. दस्तहाताळणी आणि एजंटचे पैसे वेगळे. नोंदणी ऑनलाइन होते. एजंट अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो, दोघांचे आधार-पॅन आणि ओळख पटवणारे दोन साक्षीदार लागतात.

करारात हे लिहून घ्या: डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, सोडताना रंगाचे पैसे कापणार का आणि किती, टँकरचा खर्च कोणाचा, सेप्टिक टँक उपसण्याचा खर्च कोणाचा, बोअरची मोटार जळाली तर कोणाची. शेवटच्या तीन बाबी छापील नमुन्यात नसतात आणि भांडणे नेमकी त्यांवरूनच होतात. मुदत संपल्यावर घर न सोडल्यास कलम २४ नुसार दुप्पट भाडे द्यावे लागू शकते, हे भाडेकरूनेही लक्षात ठेवावे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचे काम मालकाचे. त्याची पोच मागून घ्या.

लाइट बिल इतके जास्त का येते?

बहुधा एका मीटरवर दोन-तीन घरे असतात. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, त्यापुढे. दोन घरांनी ९०-९० युनिट वापरले तर स्वतंत्र मीटरवर दोघेही पहिल्या टप्प्यात राहतात. एकाच मीटरवर मात्र १८० युनिट होतात आणि त्यांतले ८० वरच्या दराने लागतात. मालक सब-मीटरवर ‘युनिटला सरसकट एवढे’ म्हणत असेल तर मूळ बिल बघायला मागा. स्वतंत्र मीटर असलेले घर महिन्याला चार-पाचशे रुपये महाग असले तरी उन्हाळ्यात परवडते.

ताब्याच्या दिवशी मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा आणि बिलावरच्या बारा अंकी ग्राहक क्रमांकावर थकबाकी तपासा. मालकाची थकबाकी असली तरी वीज तुमच्या घरची तुटते. तक्रारीसाठी १९१२.

गॅस कसा हलवायचा?

त्याच शहरात घर बदलले तर वितरक बदलून मिळतो, सिलिंडर परत करावे लागत नाही. दुसऱ्या गावाहून येत असाल तर तिथे सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्या. शेगडी आणि नळी तुमचीच. जुन्या कागदावरचे डिपॉझिट परत मिळते, नवीन ठिकाणी मात्र चालू दराने भरावे लागते. १४.२ किलोच्या सिलिंडरचे डिपॉझिट जून २०२२ मध्ये २,२०० रुपये झाले, त्यामुळे जुन्या जोडणीवाल्यांना फरक खिशातून घालावा लागतो. व्हाउचर हरवू नका.

मुलांच्या शाळेचे काय?

पहिली ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे टीसी यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. तरी जुन्या शाळेतून टीसीबरोबर मुलाचा सरल आणि युडायस क्रमांक मागून घ्या, त्यावाचून नव्या शाळेत नोंद अडकते. नववी-दहावीला मूल असेल तर बदलीची तारीख पुढे ढकलता येते का ते आधी बघा.

बाकी कागदपत्रे?

नोंदणीकृत करारावर आधारमधला पत्ता बदलतो, आणि मग बँक वगैरे त्यामागे. मतदार यादीसाठी फॉर्म ८, नवीन नावाचा फॉर्म ६ नव्हे. रेशन आधारवर कोणत्याही दुकानातून उचलता येते, कार्डावरचा पत्ता सावकाश बदलला तरी चालते. गाडी महाराष्ट्रातलीच असेल तर नंबर तोच राहतो, फक्त पत्ता बदला. परराज्यातली असेल तर बारा महिन्यांपुढे इथे नोंदणी करावी लागते.

एक वर्षात घर विकतच घेऊ, असे वाटते.

एक उन्हाळा आणि एक पावसाळा भाड्याने काढा, मग त्याच भागात घ्या. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे इथल्या जमिनीच्या कागदांत इनाम आणि मदतमाश, खिदमतमाश हे त्याचे प्रकार, असे शब्द येतात. सातबाऱ्यावर यांपैकी काही किंवा ‘भोगवटादार वर्ग २’ दिसले की जमीन हस्तांतरणाला परवानगी आणि नजराण्याचा (सरकारला भरायच्या रकमेचा) प्रश्न येतो. इथल्या जुन्या महसुली नोंदी वाचता येणाऱ्या वकिलाला कागद दाखवल्याशिवाय इसार देऊ नका.

गुंठेवारीचा (बिनपरवानगी, गुंठ्यांच्या तुकड्यांत विकलेला) प्लॉट असेल तर नियमितीकरणाचे प्रमाणपत्र मागा. २००१ च्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्यात आली. ‘फाइल टाकली आहे’ म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. संभाजीनगरच्या सिडको भागात घर लीजहोल्ड आहे की फ्रीहोल्ड, आणि हस्तांतरणाची ना-हरकत कोण देणार, हे विक्रेत्याने लेखी दाखवावे.

पहिल्या आठवड्यात काय करावे?

सामान यायच्या आदल्या दिवशी हौद आणि गच्चीवरची टाकी घासून घ्या, कारण सामान आल्यावर तीन महिने ते होत नाही. नळाचा वार सामान आणायच्या दिवसाशी जुळवा. दूध उतू घालवायला आणि ट्रकमधून उतरलेल्या माणसांना चहा द्यायलाही पाणी लागतेच. पाण्याची चार झाकणवाली पिंपे आणि नळाला बसेल असा तीस फुटी पाइप हे फ्रिजच्या आधी घ्या. पिंपे आठवड्यातून एकदा कोरडी करा, नाहीतर डेंग्यूचे डास त्यातच वाढतात. जुने कपाट, कूलरचा सांगाडा असले सामान संभाजीनगरात छावणीच्या गुरुवारच्या किंवा जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात बघावे.

गावाबाहेरच्या वसाहतीत शेजारचा प्लॉट रिकामा आणि गाजरगवताने भरलेला असेल तर पावसाळ्यात विंचू-साप निघतात. चपला-बूट झटकून घाला, दाराखालची फट बंद करा, आणि चावल्यास मंत्र-तंत्रात वेळ न घालवता १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठा.

शेजाऱ्यांकडून पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा फोन नंबर घेऊन ठेवा. इथल्या बहुतेक गल्ल्यांत ‘नळ आला’ हे कळवणारा एक व्हॉट्सॲप ग्रुप असतो, त्यात तुम्हाला कोण घेतो ते आल्या दिवशीच विचारा.